विचार कक्षातली चौकशी

आमच्या घरात दार उघडं राहत नाही. स्वयंपाकघराचं नाही, न्हाणीघराचं नाही, कपाटाचंसुद्धा नाही. मोठे भावजी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले की हात आपोआप मागे जातो, दार ओढलं जातं आणि ते नीट लागलंय का हे बघायला वर एक झटका दिला जातो. एकदा सासूबाई चादरी वाळत घालायला गॅलरीत गेल्या असताना भावजींनी असंच दार लावून घेतलं. सासूबाई ओल्या चादरीसकट दुपारभर बाहेर आणि भावजी आत पेपर वाचत बसलेले. मी कामावरून आले, दार उघडलं आणि भावजींना विचारलं, "तुम्हाला काचेवरची टकटक ऐकू आली नाही का?"

"आली की," भावजी म्हणाले. "म्हटलं, करू दे. दमली की थांबेल."

हे त्यांचं तत्त्वच होतं. कुणी हाक मारली, घंटी वाजवली, दार ठोठावलं, तरी लगेच धावायचं नाही. लगेच गेलं की समोरच्याला सवय लागते. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांच्या उशाशी आम्ही एक घंटी बसवून दिली होती. ती वाजली की मी हातातलं काम टाकून उठायचे आणि भावजी पेपरामागून म्हणायचे, "तूच बिघडवतेस तिला." बोलणाऱ्याचं काय जातं! उशाशी तांब्या पालथा झालेला असायचा, पुसायला मी असायचे.

भावजी आणि मी एकाच ठिकाणी नोकरीला. अल्पवयीन मुलांचं सुधारगृह. ते मुलांच्या विभागात वरिष्ठ रक्षक, मी मुलींच्या विभागात साधी रक्षक. भावजींनी लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर खाकी शर्टाकडे बोट दाखवून "झालंय की" म्हणायचे. वाईट माणूस नव्हते. दारू नाही, शिवी नाही, कुणावर हात उगारणं नाही. पण पोरांचा आवाज त्यांना कानाशी गुणगुणणाऱ्या डासासारखा वाटायचा. त्याकडे लक्ष द्यायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आता आमच्या खात्याची रीत सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्याकडे रक्षकाला काढायची पद्धत अशी होती की काढायचंच नाही. तक्रार आली की चौकशी समिती बसायची. समितीत आपलेच तीन रक्षक. आज हा त्याला निर्दोष ठरवणार, उद्या तो ह्याला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. अगदीच उघडं पडलं तर त्या माणसाला दुसऱ्या सुधारगृहात पाठवायचं. तिकडच्या लोकांनी घ्यावा म्हणून त्याच्या कामाची भरभरून स्तुती करायची, निरोपसमारंभ करायचा, फोटो काढायचा. खोटं नाणं असं एका खिशातून दुसऱ्या खिशात फिरत राहायचं. एका महाभागाला तर आम्ही वाजतगाजत घालवला आणि तीन जागा फिरून तो आमच्याकडेच परत आला. आमचीच स्तुती वाचून अधीक्षक साहेबांनी त्याला आनंदाने रुजू करून घेतला. भावजी या जुन्या समितीवर पुष्कळ वर्षं होते आणि त्यांच्या हातून एकही रक्षक दोषी ठरला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता.

मग नवे नियम आले. समितीचा अध्यक्ष बाहेरचा, खात्याशी संबंध नसलेला. एक सभासद मुख्यालयाचा, एक संस्थेचा. ज्या मुलाची तक्रार आहे त्याला समोर बसवून ऐकायचं. निकाल त्याच बैठकीत. बदली बंद. माणूस एक तर कामाचा, नाहीतर घरी. आरोपी रक्षकाला मदत म्हणून एक सोबती आणायची मुभा. नियम आले तेव्हा भावजी जेवताना खूप हसले होते. म्हणाले, "बघू या कोणाचा पहिला नंबर लागतो."

पहिला नंबर त्यांचाच लागला.

झालं असं होतं. मुलांच्या विभागात एक पोरगा होता, सगळे त्याला शिट्टी म्हणायचे. तो सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून ते नाव. शिवाय नकला करायचा. अधीक्षकांची चाल, मास्तरांचा खोकला, आणि भावजींचा आवाज तर इतका हुबेहूब की एकदा त्याने नुसतं "रांगेत!" म्हटल्यावर अख्खा विभाग भिंतीला लागून उभा राहिला होता. एके दिवशी सकाळी भावजी मुलं मोजत होते आणि हा शिट्टी वाजवत होता. भावजींचा आकडा चुकला. पुन्हा मोजलं, पुन्हा चुकला. मग त्यांनी पोराला उचलून एकट्याच्या खोलीत टाकलं. थोडा वेळ ठेवायची परवानगी असते. पण पोराची दाढ ठणकत होती. त्याने घंटी वाजवली. कुणी गेलं नाही. पुन्हा वाजवली, पुन्हा नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा गाल भोपळ्यासारखा सुजला होता आणि पोरगा तापाने बरळत होता. इस्पितळात दोन दाढा काढल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर विष अंगात भिनलं असतं.

भावजींचं म्हणणं, घंटी वाजलीच नाही. निलंबन झालं, किल्ल्या काढून घेतल्या आणि घरात सुतक असल्यासारखं झालं. भावजी पलंगावर बसून राहायचे आणि कमरेला किल्ल्या चाचपायचे. सासूबाईंनी मला बोलावलं.

"तू हो त्याची सोबती," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड चालतं. घरात चालवतेस, तिथं चालव."

"आई, पण त्या पोराचं काय?"

"पोराच्या दाढा येतील परत."

"त्या परत येत नाहीत, आई. तुमच्या आल्या का?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "त्या खाकी कपड्यांशिवाय त्याला आहे काय गं? तो कपडा गेला तर तो घरात बसून मरेल. तू घरातली आहेस की बाहेरची, ते बघ." माझा नवरा शेजारीच होता. त्याने छताकडे बघत सांगितलं की पंखा आवाज करतोय. असा आमचा आधार.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला भावजींचा राग होता आणि कीवही होती, आणि दोन्ही एकदम पोटात असलं की माणसाला घास गोड लागत नाही. मनात ठरवलं, की त्यांच्या नोकरीची वर्षं सांगेन, स्वभाव सांगेन, पण खोटं बोलणार नाही. विचारलंच नाही तर बोलायची वेळच येणार नाही, असा माझा हिशेब.

चौकशी सभागृहात व्हायची होती. पण नव्या नियमांच्या स्वागतासाठी अधीक्षक साहेबांनी सभागृह खुर्च्यांसकट रंगवायला काढलं होतं आणि रंग वाळला नव्हता. मुख्यालयाच्या साहेबांचा कोट खुर्चीला चिकटला आणि निघाला तो पोपटी होऊन. अधीक्षक घाबरले, आणि घाबरले की ते फार हुशार होतात. म्हणाले, "आपण विचार कक्षात बसू! सुधारणेचंच उदाहरण आहे ते."

विचार कक्ष म्हणजे तीच एकट्याची खोली. नवे नियम आल्यावर तिचं नाव बदललं, भिंती पिवळ्या केल्या, एका भिंतीवर उगवता सूर्य काढला. चित्रकाराने सूर्याला डोळे काढले होते आणि ते थोडे तिरळे झाले होते. दार मात्र जुनंच, फक्त पिवळं केलेलं. जाड लोखंडी, आतून ना मूठ ना किल्लीचं भोक. दार पुढच्या टप्प्यात बदलणार होते. टेबल आणि पाच खुर्च्या आत लावल्या, आणि तेवढ्यात बाहेर ड्यूटी बदलली. जाणाऱ्या रक्षकाला घरी जायची घाई, त्याने येणाऱ्याला काही सांगितलं नाही.

अध्यक्ष होत्या एक निवृत्त मेट्रनबाई. मोठ्या इस्पितळात आयुष्य गेलेलं, पांढरी साडी, पायात आवाज न करणाऱ्या चपला. मुख्यालयाचे साहेब पोपटी पाठ सांभाळत बसले. त्यांनी आल्यापासून तीन कप चहा घेतला होता, चौथा हातात होता. तिसरे अधीक्षक. समोर भावजी इस्त्रीच्या कपड्यांत, शेजारी मी.

"दार लोटून घ्या जरा," मेट्रनबाई म्हणाल्या.

भावजींना असं काम सांगायचं म्हणजे बदकाला पोहायला सांगण्यासारखं. ते उठले, दार ओढून घेतलं, खण्णकन आवाज आला, वर एक झटका देऊन खात्री केली आणि समाधानाने येऊन बसले. आमच्या पाचांतली तीन माणसं त्या दारांसोबत म्हातारी होत आली होती. एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. दार लागलं की आम्हाला बरं वाटतं, त्याला काय करणार!

भावजींनी जबाब फक्कड दिला. जुन्या समितीवर बसून बसून त्यांना सगळी उत्तरं पाठ होती.

"घंटी वाजली की काय करता?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"धावतो, मॅडम. हातातला कप खाली ठेवायच्या आत रक्षक दारात असतो."

"घंटी बंद करता येते?"

"नाही, मॅडम. तशी सोयच नाही."

"खोलीत किती वेळ राहिलं तर त्रास होतो?"

"काही त्रास नाही, मॅडम. शांत असतं. मुलांना आवडतं. मी स्वतः तासन्‌तास बसेन इथे."

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांना वाटलं मी शाबासकी देतेय. मग माझी पाळी आली. मी नोकरीची वर्षं सांगितली, हात न उगारणं सांगितलं, आईची सेवा सांगताना मला ठसका लागला. मेट्रनबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरं. मुलाला बोलवा."

अधीक्षक उठले, दाराशी गेले आणि मूठ शोधू लागले. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग वाकून खाली. सूर्य त्यांच्याकडे तिरका बघत होता.

"काय झालं?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"काही नाही. दार... म्हणजे... आतून नाहीये."

"काय नाहीये?"

"उघडणं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला होता. सुधारगृहातल्या निम्म्या दारांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या आणि लावायला आतून भोक नव्हतं. फोन फाटकावर जमा केलेले. अधीक्षकांचा वायरलेस त्यांच्या टेबलावर चार्ज होत होता. मुख्यालयाचे साहेब चौथा कप खाली ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाले, "इथे... बाथरूम कुठाय?"

"बाहेर," अधीक्षक म्हणाले.

"चिंता कशाची?" मेट्रनबाई म्हणाल्या. "भिंतीवर घंटी आहे ना? कप खाली ठेवायच्या आत माणूस येतो. साहेबांनी कप ठेवलाच आहे. दाबा."

भावजींनी बटण दाबलं. बटणावरचा छोटा लाल दिवा लागला. लांब कुठेतरी घरघर ऐकू आली. आम्ही दाराकडे बघत बसलो. कुणी आलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा घरघर. भावजी म्हणाले, "येतोय. बूट घालत असेल." मग म्हणाले, "मोजणी चालू असेल." मग म्हणाले, "हल्लीची पोरं..." आणि थांबले. बाहेर कोण होता ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलेला नवा रक्षक. रोज अशा कडक इस्त्रीत यायचा की आम्ही त्याला नवरदेव म्हणायचो. भावजी त्याला गुरूसारखे, त्यांचा शब्द त्याला शेवटचा.

मुख्यालयाच्या साहेबांचा धीर सुटला. ते खुर्चीतून उठले, पाय जुळवून बटणापाशी गेले आणि त्यावर अंगठा ठेवून उभेच राहिले. घरघर, घरघर, घरघर. आणि मग घरघर थांबली. साहेबांचा अंगठा तसाच होता, पण लाल दिवा विझला.

"हे काय?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"बल्ब गेला असेल," अधीक्षक म्हणाले.

"वायरिंग," भावजी म्हणाले. "जुनं आहे."

मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या विभागातही असाच दिवा असेल. तो कधी विझतो?"

घ्या. विचारलंच. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आमचं घर होतं, जेवणाचं ताट होतं, सासूबाईंचा पदर होता, पुढची वीस वर्षं होती.  आणि मला तो सुजलेला गाल आठवला. मी त्या संध्याकाळी फाटकापाशी होते, पोराला स्ट्रेचरवर नेताना. त्याचा अंगठा सारखा दाबल्यासारखा हलत होता.

"टेबलापाशी घंटी बंद करायचं बटण असतं," मी म्हणाले. "ते दाबलं की दिवा विझतो. आमच्या विभागात मी त्यावर चिकटपट्टी लावलीय. इथे नाही."

भावजींनी मान खाली घातली.  मुख्यालयाचे साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

शेवटी अधीक्षकांनीच दार बडवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने बाहेर बूट वाजले. नवरदेवाच्या नव्या बुटांची कुरकुर आम्ही ओळखली आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

"गप बस रे," बाहेरून आवाज आला. "जितका ओरडशील तितका जास्त वेळ राहशील."

"अरे, मी अधीक्षक बोलतोय!"

"आणि मी मंत्री. काल पण एक अधीक्षकच होता आत."

"दार उघड! माझ्याबरोबर मुख्यालयाचे साहेब आहेत!"

"असू दे. दोघं मिळून विचार करा."

मग भावजी उठले. चेहरा घामाने डबडबला होता. तासन्‌तास बसेन म्हणणारा माणूस दोन ढांगांत दाराशी पोचला. दाराला तोंड लावून त्यांनी आपला तो नेहमीचा आवाज काढला, ज्याने अख्खा विभाग भिंतीला लागतो. "अरे गाढवा! मी आहे! मी! उघड!"

बाहेरचे बूट थांबले. मग नवरदेव कौतुकाने म्हणाला, "वा! हुबेहूब काढतोस हं सरांचा आवाज. पण सरांनी मला सांगून ठेवलंय. पोरं माझा आवाज काढतील, फसायचं नाही. आत गेलेला प्रत्येक जण म्हणतो, 'मी आहे, मी.'"

बूट कुरकुरत लांब गेले.

भावजी दारापाशीच खाली बसले. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी कधी विसरणार नाही. त्यांनी दाराच्या खालच्या फटीला कान लावला. बाहेर कुणी येतंय का, ते ऐकायला. त्या फटीपाशी रंग उडालेला होता, अगदी डोकं टेकेल एवढ्या जागेत. अख्ख्या खोलीला नवा पिवळा रंग दिला होता आणि तेवढाच तुकडा पुन्हा घासून गेला होता. भावजींनी तो पाहिला. हाताने चाचपला. मला त्यांचा राग येत होता, तो तिथे संपला.

पुढे काय झालं ते नवरदेवाने नंतर सांगितलं. साक्षीला आणलेला शिट्टी त्याच्याच टेबलाशेजारी बाकावर बसला होता. त्यांना दोघांना वाटत होतं चौकशी वर सभागृहात चाललीय. नवरदेव परत येऊन बसला आणि म्हणाला, "आत कोणीतरी सरांचा आवाज काय झक्कास काढतंय."

शिट्टीने विचारलं, "कोण?"

"असेल कोणीतरी. तुमच्यातलाच."

"तसा आवाज एकालाच काढता येतो," शिट्टी म्हणाला. "मला. आणि मी तर इथे बसलोय."

नवरदेव हसला. मग हसायचा थांबला. मग इतका जोरात पळाला की एक बूट वाटेतच राहिला.

दार उघडलं. मुख्यालयाचे साहेब असे सुटले की त्यांना नंतर शोधून आणावं लागलं. अधीक्षक लाल झाले होते. त्यांनी नवरदेवाला तिथेच, एका बुटावर उभं करून झापायला सुरुवात केली. "समितीला कोंडतोस? घंटी बंद करतोस? आत्ताच्या आत्ता निलंबित! मॅडम, दोषी सापडला. याच्यामुळेच त्या दिवशीही घंटी ऐकू गेली नसणार. प्रकरण मिटलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आमची जुनी पद्धत. मी भावजींकडे पाहिलं. गप्प बसले असते तर सुटले असते. नवरदेव नवा, त्याच्या बाजूला कुणी नाही, आणि त्या दिवशी ड्यूटीला तोही होता. नवरदेव रडकुंडीला येऊन भावजींकडेच बघत होता. गुरू काहीतरी करेल, या आशेने.

भावजींनी शर्ट खाली ओढून सारखा केला.

"त्याला काही करू नका," ते म्हणाले. "लगेच धावायचं नाही, हे मी शिकवलं त्याला. ते बटणही मीच दाखवलं. त्या दिवशी घंटी वाजत होती. मी बंद केली. दोनदा."

अधीक्षक म्हणाले, "अहो, काय बोलताय, जरा सोबतीला विचारून बोला."

"सोबती बरोबरच बोलली," भावजी म्हणाले.

मेट्रनबाईंनी शिट्टीला आत बोलावलं. तो दारात आला आणि तिथेच थांबला. मग त्याने बाहेरचा बाक ओढत आणला आणि दारात आडवा लावला. दार आता लागणारच नव्हतं. इतका वेळ आम्हा पाच मोठ्यांपैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. मग तो आत येऊन बसला. मेट्रनबाई त्याला काही विचारणार, इतक्यात तोच भावजींकडे बघून म्हणाला, "साहेब, भीती वाटली का?"

चिडवायला विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. 

"वाटली," ते म्हणाले.

"मग उद्यापासून वाजवली की येणार?"

भावजींचा हात कमरेला गेला, किल्ल्यांच्या रिकाम्या जागी. उद्यापासून ते येणारच नव्हते, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. मेट्रनबाईंनी हळूच सांगितलं, "हे साहेब नाही येणार. पण येईल कुणीतरी. ते मी बघते."

निकाल तिथेच लागला. बदली नाही, स्तुती नाही, निरोपसमारंभ नाही. मुलांच्या कामावरून भावजी कायमचे कमी. नवरदेवाला पुन्हा शिकायला पाठवलं, यावेळी दुसऱ्या कोणाकडे. घंटी बंद करायचं बटण त्याच दिवशी काढून टाकलं. अधीक्षक म्हणत होते, तेही पुढच्या टप्प्यात करू. मेट्रनबाई स्क्रू पूर्ण निघेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

घरी जाताना भावजी पुढे पुढे चालत होते. रस्ता संपत आला तेव्हा म्हणाले, "तुझ्या विभागात चिकटपट्टी कधी लावलीस?"

"आई गॅलरीत अडकल्या होत्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

 सगळं कळल्यावर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मी कैदाशीण ठरले, घरभेदी ठरले, माझ्या माहेरच्या सात पिढ्या निघाल्या. नवऱ्याला पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. भावजी एवढंच म्हणाले, "आई, तिला बोलू नकोस. खरं तेच बोलली ती." सासूबाई तोंड फिरवून झोपल्या आणि त्या रात्री माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. मी कणीक मळत होते. सासूबाईंच्या खोलीतली घंटी वाजली. मी हात झटकून उठते तो भावजी माझ्यासमोरून पळत गेले. पेपर जमिनीवर पडलेला, चष्मा डोक्यावर, एका पायात चप्पल. खोलीत गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मागे दार ओढलं नाही. ते तसंच उघडं राहिलं, म्हणून मला पुढचं ऐकू आलं.

"काय झालं, आई? काय हवंय?"

सासूबाई गोंधळल्या. पोरगा दारात धापा टाकत उभा आहे, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. "काही नाही रे," त्या म्हणाल्या. "उशी जरा सरकली होती."

त्यांनी उशी सारखी केली, पांघरूण नीट केलं, पाणी ठेवलं आणि येऊन पेपर उचलला. पहिली ओळ वाचून झाली नसेल, पुन्हा घंटी. पुन्हा भावजी पळाले. यावेळी खिडकी. मग पडदा. मग किती वाजले. मग, "काही नाही, तू आहेस ना, ते बघितलं." दुपारपर्यंत त्या माझ्याशी बोलायलाही लागल्या, कारण आनंद कुणाला तरी सांगायला हवा होता. संध्याकाळपर्यंत भावजींचा पेपर काही वाचून झाला नाही.

लगेच गेलं की सवय लागते, हे मात्र भावजींचं अगदी खरं निघालं.